डायबेटिस आणि मसल: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात कोथरूडच्या बाजूला काम करते. गुडघा, पाठ, खांदा असं काहीतरी घेऊन लोक येतात आणि बोलता बोलता कळतं की दहा-बारा वर्षं शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, एचबीएवनसी (म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट) दर तीन महिन्यांनी होतं, डोळे आणि किडनी तपासून झालेत, पण पायांत ताकद किती उरलीय हे आजवर कुणी बघितलेलंच नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हे बघायला पैसे लागत नाहीत आणि सुधारायलाही फारसे लागत नाहीत. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदा सगळं लिहून काढलंय. डॉक्टरांच्या ऐवजी हे वाचू नका, डॉक्टरांकडे जाताना वाचून जा.

शुगर म्हणजे पँक्रियाजचा आजार ना? मग मसल कुठून आले मधे?

पँक्रियाजचा, म्हणजे स्वादुपिंडाचा आहेच, पण तिथे तयार झालेलं इन्सुलिन शेवटी काम कुठे करतं ते बघा ना. लॅबमधे शिरेतून इन्सुलिन आणि ग्लुकोज देऊन मोजतात तेव्हा इन्सुलिनच्या जोरावर रक्तातून उचलल्या जाणाऱ्या ग्लुकोजपैकी साधारण ८० टक्के स्नायूंमधे जातं. आपल्याकडे कॉर्पोरेशनचं पाणी सकाळी ठरावीक वेळ येतं, टाकी मोठी असेल तर दिवसभराचं भरून ठेवता येतं आणि टाकी लहान असेल तर वर गच्चीत ओतून जातं, तसंच जेवणानंतर येणारी साखर भरून ठेवायची टाकी म्हणजे तुमच्या मांड्या, हिप्स, पाठ. वय वाढतं तशी ती लहान होत जाते, आणि आपण मात्र वर्षानुवर्षं फक्त नळाकडे बघत बसतो, म्हणजे काय खाल्लं आणि काय नाही खाल्लं एवढंच.

अजून एक गोष्ट आहे जी मी प्रत्येकाला सांगते. ताण घेणारा, काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतो. इन्सुलिन रेझिस्टन्स असलेल्या, म्हणजे ज्याचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही अशा माणसातही हा दुसरा रस्ता उघडा असतो. म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी शुगरमधे फरक दिसतो.

मसल जास्त असले की माणूस खरंच जास्त जगतो का, की हे जिमवाल्यांचं मार्केटिंग?

मार्केटिंग भरपूर आहे, पण मुळात जे सापडलंय ते खरं आहे. प्युअर नावाचा एक मोठा अभ्यास आहे, भारतासकट १७ देशांतला, त्यात सुमारे १ लाख ४० हजार लोकांची हाताची पकड मशीनवर मोजली आणि मग काही वर्षं त्यांच्याकडे लक्ष ठेवलं. २०१५ मधे निकाल छापून आला: पकड ५ किलोने कमी असेल तर कुठल्याही कारणाने मृत्यू होण्याचा धोका १६ टक्क्यांनी जास्त. वरच्या ब्लड प्रेशरच्या आकड्यापेक्षाही पकडीवरून अंदाज जास्त चांगला येत होता. हे सगळ्या लोकांबद्दल झालं, पण शुगर असलेल्यांचे वेगळे अभ्यासही बऱ्याच देशांत झालेत आणि ज्यांना शुगरसोबत सार्कोपेनिया म्हणजे स्नायू आणि ताकद दोन्हीची घट आहे त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त असं त्यांत परत परत दिसलंय.

आता नीट ऐका, कारण इथे लोक घाईने चुकीचं समजतात. अमेरिकेत ७० ते ७९ वयाच्या लोकांवर एक अभ्यास झाला, २००६ मधे त्याचा निकाल आला, त्यात मृत्यूशी संबंध स्नायूंच्या नुसत्या आकाराचा दिसला नाही, ताकदीचा दिसला. म्हणजे दंड फुगलेले असणं वेगळं आणि जमिनीवरून हात न टेकता उठता येणं वेगळं. आणि दुसरं म्हणजे, आजारी माणसाचे स्नायू आजारामुळेही झडतात, त्यामुळे कमी मसल हे कारण किती आणि आतल्या आजाराची खूण किती हे अशा अभ्यासांतून पूर्ण सुटं करता येत नाही. मी तरी कुणाला "व्यायाम करा, इतकी वर्षं वाढतील" असं सांगत नाही. पण पडणं, खुब्याचं हाड मोडणं, अंथरुणाला खिळणं, मग छातीत इन्फेक्शन ही जी साखळी आहे ती मी जवळून बघते आणि तिची पहिली कडी बहुतेक वेळा कमजोर मांडीच असते.

मी तर बारीक आहे, वजन ५४ किलो. मला कशाला काळजी?

हा प्रश्न पुण्यात विचारला जातो याचं मला दर वेळी आश्चर्य वाटतं, कारण याचं उत्तर पुण्यातच सापडलेलं आहे. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलमधे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. बाळं लहान होती हे दिसतच होतं, पण कमी काय होतं तर स्नायू आणि पोटातले अवयव, चरबी मात्र त्या मानाने बरीच टिकून होती. म्हणजे दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीचं प्रमाण जास्त, आणि तेही जन्मापासून.

याच डॉ. याज्ञिकांचा आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मधे लॅन्सेट या मेडिकल जर्नलमधे छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर दोघं सारखेच "नॉर्मल".

म्हणून ५४ किलो हा आकडा मला काहीच सांगत नाही. २०१२ मधे अमेरिकेतल्या पाच अभ्यासांची माहिती एकत्र करून बघितली तेव्हा शुगर निघाली त्या वेळी ज्यांचं वजन नॉर्मल होतं त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त वजनवाल्यांच्या साधारण दुप्पट निघालं. जाड व्हा असा त्याचा अर्थ मुळीच नाही. पण बारीक माणसाला शुगर झाली तर त्याच्याकडे आधीच स्नायू कमी असण्याची शक्यता हे एक कारण त्यात धरलं जातं, आणि आपल्याकडे तर हाच साचा घरोघरी दिसतो: हातपाय काडीसारखे, पोट पुढे. "तुला कशी काय शुगर, तू तर बारीक" असं नातेवाईक म्हणतात आणि तो माणूस स्वतःही निर्धास्त राहतो.

शुगर निघायच्या आधी माझं वजन झपाट्याने उतरलं होतं. त्यात मसल गेले का?

हो, काही प्रमाणात गेलेच असणार. इन्सुलिन फक्त साखरेचं काम करत नाही, स्नायू मोडू न देणं हेही त्याचंच काम आहे. ते कमी पडलं की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खातं. शुगर आटोक्यात आली की हे थांबतं, आणि म्हणूनच ज्यांना डॉक्टर इन्सुलिन सुरू करा म्हणतात आणि जे वर्षभर "बघू, आधी पथ्य करतो" म्हणत टाळतात त्यांच्याबद्दल मला जास्त काळजी वाटते. पथ्याने वजन अजून उतरतं, लोक म्हणतात वा, छान बारीक झालास, आणि इकडे मांड्या रिकाम्या होत जातात.

बाकी कारणं म्हणजे वय (तिशीनंतर दर दहा वर्षांनी ३ ते ८ टक्के, साठीनंतर वेग वाढतो), बसून राहणं, जुनी शुगर असेल तर नसांवर झालेला परिणाम, आणि खाण्यात प्रोटीन कमी. एका बाजूची मांडी अचानक दुखायला लागून काही आठवड्यांत बारीक झाली असेल तर मात्र हे वयाचं वगैरे समजू नका, तो नसांचा वेगळा प्रकार असू शकतो, लगेच दाखवा.

घरच्या घरी कसं कळेल?

जेवणाच्या टेबलाची साधी खुर्ची घ्या, हात नसलेली, भिंतीला टेकवून ठेवा. पाय जमिनीवर, दोन्ही हात छातीवर घडी. पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं, असं पाच वेळा, जमेल तितक्या लवकर, आणि दुसऱ्याने मोबाईलवर वेळ लावायचा. आशियाई लोकांसाठी २०१९ मधे जे निकष ठरले त्यात १२ सेकंद किंवा जास्त लागले तर ताकद कमी असं धरतात.

पण मी घड्याळाइतकंच माणसाकडे बघते. परवा एक काकू आल्या होत्या, वय बासष्ट, शुगर एकदम छान, एचबीएवनसी ६.८. पहिल्यांदा उठल्या ठीक. दुसऱ्यांदा उठताना दोन्ही गुडघे आत एकमेकांकडे गेले. तिसऱ्यांदा हात आपोआप घडीतून सुटून मांडीवर आला, त्यांना कळलंसुद्धा नाही. चौथ्यांदा उठण्याआधी पुढे-मागे दोनदा झोका घेतला. त्या मला म्हणाल्या, "अगं खुर्चीच बुटकी आहे." खुर्ची नेहमीचीच होती. घरी त्या कशा उठतात विचारलं तर टेबलाला धरून, बाथरूममधे नळाला धरून, रिक्षातून उतरताना दांडीला धरून. इतकी सवय होते की आपण धरतोय हे लक्षातच येत नाही.

दुसरी टेस्ट पोटरीची. दोन्ही हातांचे अंगठे आणि पहिली बोटं जुळवून रिंग करायची आणि पोटरीच्या सगळ्यात जाड भागाभोवती धरायची. बोटं जुळूनही आत मोकळी जागा उरत असेल तर स्नायू कमी असण्याची शक्यता जास्त. ही जपानमधून आलेली पद्धत आहे. टेपने मोजायचं असेल तर पुरुषांत ३४ सेंटीमीटरच्या खाली, बायकांत ३३ च्या खाली असेल तर पुढची तपासणी करा. पायावर सूज असेल तर ही टेस्ट फसवते.

पकडीचं मशीन बऱ्याच फिजिओंकडे असतं. पुरुषांत २८ किलोच्या खाली, बायकांत १८ च्या खाली म्हणजे कमी. घरात याची खूण म्हणजे लोणच्याच्या बरणीचं झाकण, कुकरचं झाकण, ओला टॉवेल पिळणं. पूर्वी जमायचं आणि आता हाक मारावी लागते, तर लक्ष द्या.

जिममधल्या मशीनवर उभं राहिलं की मसल किती ते येतं, ते खरं का?

ढोबळ आहे. ती मशिनं शरीरातल्या पाण्यावरून हिशोब करतात, त्यामुळे सकाळचा आणि संध्याकाळचा आकडा वेगळा येतो. एकाच मशीनवर, एकाच वेळी, दोन-तीन महिन्यांनी बघितलं तर दिशा कळते. नेमकं हवं असेल तर डेक्सा स्कॅन (कमी ताकदीच्या एक्स-रेने चरबी, स्नायू, हाडं वेगळी मोजणारी तपासणी), पण बहुतेकांना त्याची गरज नाही, खुर्ची पुरते.

मी रोज तळजाईच्या टेकडीवर फिरायला जातो, एक दिवस चुकत नाही. अजून काय करायचं?

आधी मनापासून सांगते, ते सोडू नका. हृदयासाठी, शुगरसाठी, झोपेसाठी चालणं उत्तमच आणि टेकडी चढणं तर सपाट रस्त्यापेक्षा चांगलंच. पण स्नायूला जोपर्यंत सवयीपेक्षा जास्त वजन मिळत नाही तोपर्यंत तो वाढत नाही, आणि रोज तोच रस्ता, तोच वेग, तेच वजन असं वर्षानुवर्षं चाललं की शरीराला त्यात नवीन काहीच उरत नाही. शिवाय टेकडीवरचे कितीतरी काका मी बघते, एक तास चालतात, मग कट्ट्यावर बसतात आणि उठताना मित्राचा हात धरतात.

शुगरसाठी चालणं आणि ताकदीचा व्यायाम यांची तुलना करणारे दोन चांगले प्रयोग झालेत, एक कॅनडात २००७ मधे आणि एक अमेरिकेत २०१० मधे, दोन्हींत एचबीएवनसीवर सगळ्यात चांगला परिणाम दोन्ही एकत्र केलेल्यांमधे दिसला. म्हणजे आठवड्याला १५० मिनिटं चालणं वगैरे, आणि वर दोन किंवा तीन दिवस ताकदीचा व्यायाम, मधे एक दिवस सोडून.

ताकदीचा व्यायाम म्हणजे नेमका काय? मला जिममधे जायला संकोच वाटतो.

नका जाऊ. सुरुवातीला घर पुरतं.

खुर्चीवरून उठणं-बसणं हाच पहिला व्यायाम. आठ-दहा वेळा, मग मिनिटभर थांबून परत, असं दोन-तीनदा. खाली बसताना धपकन बसायचं नाही, तीन आकडे मोजत हळू बसायचं, खरं काम तिथेच होतं. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलायच्या, वर क्षणभर थांबायचं. भिंतीला हात टेकवून भिंतीवरचे पुश-अप. रेझिस्टन्स बँड दाराच्या कडीत अडकवून दोन्ही हातांनी मागे ओढायचा, ज्याने पाठ आणि खांदे तयार होतात, कारण शुगरवाल्यांची पाठ पुढे वाकलेली मी फार बघते. आणि दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन घरात चकरा, मंडईतून आणल्यासारख्या, पकडीसाठी याच्याइतका सोपा व्यायाम नाही.

आता मुख्य मुद्दा. दहा वेळा सहज व्हायला लागलं, शेवटच्या दोन वेळा जोर लागेनासा झाला, की वाढवायचं. पाठीवरच्या सॅकमधे दोन किलो तांदळाची पिशवी टाकून उठा-बसा, मग तीन किलो, किंवा थोडी बुटकी खुर्ची घ्या. हे वाढवणं लोक करत नाहीत. महिनाभर अर्ध्या किलोचं गुलाबी डंबेल हलवतात आणि म्हणतात काही फरक नाही. अर्धा किलो म्हणजे दुधाची पिशवी हो, ती तर तुम्ही रोजच उचलता!

श्वास रोखायचा नाही, उठताना सोडायचा. दुसऱ्या दिवशी मांड्या थोड्या धरल्या तर चालतं, सांधा सुजला तर नाही चालत.

सूर्यनमस्कार घालतो, ते पुरे का?

बारा-चोवीस नीट घालत असाल तर खांदे, छाती, लवचिकता यांच्यासाठी छानच. पण पायांवर वाढत जाणारं वजन त्यात येत नाही, म्हणून सोबत बैठका धरा. आपल्या पेठांतल्या तालमींमधे जोर आणि बैठका जोडीनेच असायच्या, त्यामागे शहाणपण होतं.

गुडघे दुखतात, खांदा धरलाय. तरी करू?

बहुतेक वेळा हो, बदल करून. गुडघेदुखीत मांडीचा स्नायू मजबूत करणं हाच उपचाराचा मोठा भाग आहे, फक्त सुरुवात उंच खुर्चीपासून करायची, खुर्चीवर जाड उशी ठेवा हवं तर. शुगरवाल्यांमधे फ्रोझन शोल्डर फार दिसतो, तेव्हा हात डोक्यावर न्यायचा हट्ट धरू नका, पण त्यासाठी पाय कशाला बंद ठेवायचे? खांदा धरलाय म्हणून सहा महिने सगळाच व्यायाम थांबवलेले लोक येतात माझ्याकडे, खांदा सुटतो आणि तोवर पाय गेलेले असतात.

कुणी सांभाळून राहायचं?

डोळ्यांच्या डॉक्टरांनी प्रोलिफरेटिव्ह रेटिनोपथी (शुगरमुळे डोळ्याच्या पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या वाढणं) सांगितली असेल तर जड वजन उचलणं आणि दम रोखून जोर लावणं त्यांना विचारल्याशिवाय नाही. छातीत दुखतं, दम लागतो, हृदयाचं काही झालंय, तर आधी तपासणी. पायांना संवेदना कमी असेल तर बूट घालूनच व्यायाम आणि रोज रात्री तळपाय बघायचे, दिसत नसेल तर आरसा धरून.

आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या इन्सुलिन वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर व्यायामाआधी शुगर बघा, ९० च्या खाली असेल तर आधी केळं वगैरे काहीतरी खा. व्यायाम नियमित झाला की शुगर खाली यायला लागते, तेव्हा डोस कमी करावा लागतो, तो डॉक्टरांनी, आपण मनाने नाही. खिशात साखर किंवा ग्लुकोज पावडर असू दे.

प्रोटीन किती खायचं? आम्ही शुद्ध शाकाहारी, पण रोज वरण असतंच.

त्या वरणाचाच हिशोब करूया. चार माणसांच्या घरात एक वाटी कच्ची तूरडाळ शिजते, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, त्यात प्रोटीन २७-२८ ग्रॅम. ते चार जणांत दोन वेळेला वाटलं की एका जेवणात एकाच्या वाट्याला आलं साडेतीन ग्रॅम. साडेतीन! आणि आपण मनात म्हणतो की प्रोटीन झालं.

भारतात मोठ्या माणसासाठी आयसीएमआरने (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२० मधे ठरवलेला आकडा किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. वय पासष्टच्या पुढे असेल तर तज्ज्ञ किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सांगतात, म्हणजे ६० ते ७२. आता नेहमीचा दिवस बघा: सकाळी पोहे, दुपारी दोन पोळ्या, भाजी, वरण-भात, चारला चहा-बिस्किट, रात्री खिचडी. माझ्या हिशोबाने ३५-४० च्या पुढे जात नाही. चतुर्थी-गुरुवार असेल तर साबुदाणा, त्यात प्रोटीन जवळपास नाहीच, जे आहे ते दाण्याच्या कुटाचं.

वेगळं काही विकत आणायची गरज नाही, प्रमाण बदलायचं. सकाळी पोह्यांऐवजी मुगाचं धिरडं, माणशी ५० ग्रॅम मूग धरले तर १२ ग्रॅम, अंडी चालत असतील तर दोन अंड्यांत तेवढंच. दुपारी मटकीची किंवा मसूरची उसळ, पण वाडगाभर, पातळ रस्सा नाही, म्हणजे ११-१२ ग्रॅम, वाटीभर दही ५, दोन पोळ्यांचे ६. चारला मूठभर फुटाणे, ६. रात्री भाकरीबरोबर १०० ग्रॅम पनीर, १८ ग्रॅम, किंवा भिजवलेले सोया चंक्स, जे कोरडे ३० ग्रॅम घेतले तरी १५ ग्रॅम देतात. झोपताना कपभर दूध. झाले की सत्तरच्या आसपास. मासे-चिकन खाणाऱ्यांना सोपं आहे, पण तेही रविवारीच खातात आणि बाकी सहा दिवस आमटी-भात.

सगळं रात्री एकदम खाण्यापेक्षा तीन जेवणांत वाटलेलं बरं, आणि पुण्यातल्या घरांत सगळ्यात कोरडा भाग असतो तो सकाळचा नाश्ता, तिथून सुरू करा. ताटात उसळ वाढली की भात आपोआप कमी होतो, हा शुगरसाठी वेगळा फायदा.

प्रोटीन पावडर?

खाण्यातून पुरत नसेल, भूक नसेल, आजारातून उठला असाल तर डायटिशियनला विचारून घ्या. साखर घातलेले "शक्तिवर्धक" डबे मात्र नीट वाचून घ्या, बऱ्याच डब्यांत साखरच जास्त असते. आणि पावडर खाऊन सोफ्यावर बसलं तर ती स्नायूंत जात नाही.

किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलंय. प्रोटीन वाढवू?

स्वतःच्या मनाने नको. डायबेटिसमुळे किडनीवर परिणाम झालेल्या आणि डायलिसिस नसलेल्या लोकांना किलोमागे ०.८ ग्रॅमच्या आसपास ठेवायला सांगतात, डायलिसिसवर असणाऱ्यांना उलट जास्त लागतं, म्हणून किडनीच्या डॉक्टरांनाच विचारा. व्यायाम मात्र दोघांनाही लागू आहे.

एक बारकावा. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. स्नायूच कमी असलेल्या माणसाचं क्रिएटिनिन कमी दिसतं आणि किडनी वाटते त्यापेक्षा चांगली भासते. काडीसारखे हातपाय असलेल्या आजींचा रिपोर्ट "नॉर्मल" आला तर सिस्टॅटिन सी ही स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली किडनीची टेस्ट करायची का, हे डॉक्टरांना जरूर विचारा, आणि लघवीतलं अल्ब्युमिन (लघवीतून जाणारं प्रोटीन) तर दर वर्षी बघायचंच.

सारखा अशक्तपणा वाटतो, म्हणजे मसल कमी झालेत का?

असेल किंवा नसेल. शुगरची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू आणि त्यात शाकाहारी, अशा माणसाचं बी-१२ कमी असण्याची शक्यता बरीच असते. बी-१२, डी जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन, थायरॉइड बघून घ्या. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केल्यावर अंग दुखायला लागलं असेल तर तेही सांगा, गोळी परस्पर बंद करू नका.

वजन कमी करायचं नवीन इंजेक्शन सुरू केलंय, झपाट्याने उतरतंय. चांगलंच ना?

टिर्झेपेटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड २०२५ मधे आपल्याकडे आलं आणि तेव्हापासून हा प्रश्न सारखा येतो. शुगर, वजन, हृदय यांसाठी औषधं खरोखर चांगली आहेत. पण उतरलेल्या वजनातला साधारण पाव ते चाळीस टक्के भाग चरबी सोडून इतर वजनाचा असतो, त्यात स्नायूही आले (सगळं स्नायूच असतं असं नाही, पाणी आणि लिव्हरही त्यात मोजलं जातं). जाड आणि ताकदवान माणसाला हे परवडतं. आपल्या त्या काडी-हातपाय-पुढे-पोट साच्यातल्या, पासष्टीच्या माणसाला परवडेल का याचा विचार पहिल्या इंजेक्शनच्या आधी व्हायला हवा. भूक मेल्यावर लोक दोन घास वरण-भात खाऊन उठतात, तेव्हा ताटातलं प्रोटीन आधी संपवायचं, भात उरला तर उरू दे. आणि ताकदीचा व्यायाम इंजेक्शनसोबतच सुरू करायचा, वजन उतरून झाल्यावर नाही.

बाबांना डेंगी झाला, आठवडाभर ॲडमिट होते. आता शुगर बरी आहे पण चालताना तोल जातो.

हे मला सगळ्यात जास्त छळतं. २००७ मधे छापून आलेला एक प्रयोग आहे, अगदी धडधाकट वयस्कर लोकांना दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं, आजार काहीच नाही, तरी पायांतले जवळपास एक किलो स्नायू गेले. आजारात ताप, सूज, भूक नाही, वर शुगर, म्हणजे विचार करा. दर पावसाळ्यात डेंगी-चिकनगुनियानंतर असे लोक येतात आणि घरच्यांचं एकच म्हणणं असतं, "आम्ही त्यांना अजिबात उठू दिलं नाही हो." प्रेमानेच केलेलं असतं सगळं, पण त्यानेच पाय जातात.

डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली नसेल तर हॉस्पिटलमधेच दिवसातून चार वेळा पलंगाच्या कडेला बसवा, पाय खाली सोडून. जमलं तर धरून उभं करा. जेवण खुर्चीत. झोपल्या झोपल्या टाचा हलवणं, मांडी घट्ट करून सोडणं. नुसती पेज आणि नारळपाणी आठ दिवस चालवू नका, दूध, दही, अंडं, मऊ मुगाची डाळ जे पचेल ते द्या. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात फिजिओला बोलवा, महिनाभर वाट बघू नका. आणि तोल जातोय तोवर बाथरूममधे आधाराची दांडी बसवून घ्या, नळ धरून उठू देऊ नका.

आजी अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. आता या वयात काय मसल होणार?

होतात. १९९० मधे बोस्टनला एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा लोकांना आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम दिला. नऊ जणांनी पूर्ण केला, ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे आधीच्या पावणेतीनपट झाली, आणि मांडीचे स्नायूही ९ टक्के वाढले. नव्वदीत! पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढायचं ध्येय असायलाच हवं असं नाही. कमोडवरून एकटीने उठता येणं हे खूप मोठं ध्येय आहे, आणि ते आजींना विचारून बघा, त्यांना दुसरं काही नको असतं.

बाबा ऐकतच नाहीत. "मला काही झालेलं नाही" म्हणतात.

रिपोर्ट आणि लेख दाखवून उपयोग होत नाही, असं माझं मत झालंय. खुर्ची मांडा, आधी तुम्ही स्वतः पाच वेळा उठून दाखवा, मग नातवाला करू दे, मग म्हणा बाबा तुम्ही. नातवाच्या हातात घड्याळ असलं की नाही म्हणत नाहीत कुणी. आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा, भिंतीवरच्या, दुधाचा हिशोब लिहितात तिथे. सात वाजताच्या बातम्या लागल्या की दहा वेळा, बातम्या संपल्या की दहा वेळा, एवढंच ठरवा, "व्यायाम" हा शब्दही काढू नका. सोमवार, बुधवार, शुक्रवार. आणि पहिले पंधरा दिवस त्यांच्या उजव्या-डाव्या बाजूला कुणीतरी उभं राहा, खुर्ची मागे सरकणार नाही एवढं बघा.